दुकानात राहिलेली किल्ली

माझी मुलगी दहावी झाली आणि नांदेडहून लातूरला शिकायला गेली. नांदेडमध्ये आता क्लासेसची कमी नाही, तरी अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'चे नाव आमच्या पिढीच्या मनात पक्के बसले आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे शिकवले. दर महिन्याला एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर करत डबा घेऊन जायचो. अभ्यास, मेस, रूम, सगळ्यावर लक्ष होते. एका गोष्टीकडे मात्र पाहिले नाही, आणि ती चूक पुढे फार महागात पडली.

मार्च 2023 मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा फॉर्म भरायला आम्ही लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका ऑनलाईन सेंटरवर गेलो. दीड तास रांगेत उभे होतो. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाने विचारले, "ईमेल आहे का?" मुलीचा स्वतःचा नव्हता. "मग मी काढून देतो, गुरुजी. तुम्ही बसा." दोन मिनिटांत ईमेल तयार झाला. पासवर्ड म्हणजे मुलीचे नाव आणि पुढे 123. रिकव्हरी मोबाईल नंबर त्याने स्वतःचाच टाकला. का, तर ओटीपी लगेच येतो, रांग पुढे सरकते. पावतीच्या मागे बॉलपेनने पत्ता आणि पासवर्ड लिहून दिला. त्याच्या स्क्रीनवर तेव्हा लेकरांच्या नावांच्या फाईली ओळीने मांडलेल्या होत्या: आधार, मार्कमेमो, सही, फोटो. हे मी डोळ्यांनी पाहिले, पण माझ्या मनात काहीच आले नाही. उलट घाईच्या दिवसांत पोराने काम करून दिले म्हणून मी त्याचे आभार मानले.

जुलैमध्ये प्रवेशाची धावपळ सुरू झाली आणि ईमेल उघडेना. 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवले, तर कोड ज्या नंबरवर गेला त्याचे शेवटचे दोन आकडे आमच्या घरातल्या कोणाचेच नव्हते. सेंटरवर फोन केला. तो मुलगा काम सोडून गेला होता आणि त्याचा नंबर बंद होता. लेकीच्या नावाचा ईमेल होता, पण त्याची चावी दुसऱ्याच्या खिशात होती.

त्याच आठवड्यात मला एक मेल आला. वर एका कॉलेजचे नाव, आत मुलीचे पूर्ण नाव आणि अर्ज क्रमांक, दोन्ही अगदी बरोबर. कागदपत्र पडताळणीचे शुल्क चोवीस तासांत भरा, नाहीतर जागा रद्द होईल, असा मजकूर होता. इतकी माहिती बाहेर कशी गेली, याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून मी कोणावर बोट ठेवत नाही. पण बरोबर माहिती दिसली की माणूस विश्वास ठेवतो. मी लिंक उघडली, एटीएम कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी टाकला. शुल्क होते 1,180 रुपये. खात्यातून गेले 48,000.

पैशांपेक्षा मोठी चूक मी त्यानंतर केली. बायको विचारत होती, "अहो, काय झालं? जेवत का नाही?" मी काही बोललो नाही. गावाला शहाणपण शिकवलेला माणूस फसला हे सांगायची लाज वाटली. दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी पुतण्याला सांगितले, त्याने तिथल्या तिथे 1930 लावला. तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर गेले होते.

1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवले जाते आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम होल्ड करता येते. पैसे खात्यात आहेत तोवरच हा उपाय चालतो, म्हणून पहिला तास मोलाचा. फोनवर बोलणे झाले की 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर रीतसर तक्रार भरावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटले होते की ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतर होणारे बँकेचे. माझे दोन दिवस माझ्याच खात्यावर पडले. लाजेपायी गप्प बसू नका. फसवणारे आपल्या गप्प बसण्यावरच जगतात.

तो मेल मी नंतर पुतण्याबरोबर पुन्हा उघडून पाहिला. वर कॉलेजचे नाव दिसत होते, पण त्या नावावर बोट ठेवल्यावर खाली खरा पत्ता उघडला. तो भलताच, लांबलचक होता. नाव कोणीही कोणतेही लावू शकतो, पाहायचा तो पत्ता. तोही अक्षर अक्षर वाचावा, कारण इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी आले की 'एम'सारखे दिसतात, आणि छोट्या 'एल'च्या जागी एकचा आकडा सहज खपतो. लिंक असेल तर 'https://' नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी पत्ता कशावर संपतो ते बघायचे. सरकारी पत्ते सहसा 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' वर संपतात. बँकांना रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर येण्यास सांगितले होते. संशय आला तर लिंक दाबूच नये. संस्थेचा पत्ता स्वतः टाईप करून आत जावे, किंवा माहितीपत्रकावरच्या नंबरवर फोन करावा. मेलमध्ये दिलेला नंबर त्याच चोराचा असतो.

हल्ली चोर व्हॉट्सॲपवरही येतो. लग्नपत्रिका, आरटीओचे चलन, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी 'एपीके' फाईल येते. ती फोटो किंवा पीडीएफ नसते, ते ॲप असते. इन्स्टॉल केले की आपले मेसेज आणि ओटीपी पलीकडे जाऊ लागतात. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ऑगस्ट 2025 मध्ये अशी पत्रिका उघडून एका सरकारी कर्मचाऱ्याचे जवळपास दोन लाख गेले. लग्नाचे आमंत्रण खरे असेल तर पाहुणा फोन करेलच. आणखी एक गोष्ट गावाकडच्या प्रत्येकाला सांगा: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

आता त्या हरवलेल्या ईमेलचे. तो शेवटपर्यंत मिळाला नाही. अर्जावरचा ईमेल बदलून द्या म्हणून मी प्रवेश प्रक्रियेच्या मदत कक्षाला मेल केला. पहिला मेल रागात लिहिला. विषयाची जागा कोरी, इंग्रजी सगळे कॅपिटल अक्षरांत, सोबत अकरा फोटो, आणि जितके पत्ते सापडले तितक्यांना एकदम. मेलमध्ये सगळी कॅपिटल अक्षरे म्हणजे समोरच्यावर ओरडणे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. चार दिवस उत्तर आले नाही. मग पुतण्याने जवळ बसून दुसरा लिहून घेतला. विषय: 'नोंदणीकृत ईमेल बदलणेबाबत, अर्ज क्रमांक अमुक'. आत नमस्कार, चार ओळींत अडचण, एकच विनंती, खाली नाव आणि मोबाईल. अर्जाची प्रत एकाच पीडीएफमध्ये, फाईलला मुलीचे नाव. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले. पलीकडे बसलेल्या माणसासमोर अशा शेकडो अर्जांचा ढीग असतो. त्याला विषय वाचूनच काम कळले पाहिजे. काम झाल्यावर मी दोन ओळींचा आभाराचा मेलही पाठवला, कारण कचेरीत समोरासमोर भेटलो असतो तरी तसेच केले असते.

अनेकांना एकच मेल पाठवायचा असेल तर पत्ते 'बीसीसी'मध्ये टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे आमंत्रण कोणीतरी सगळे पत्ते उघडे ठेवून पाठवले आणि 'रिप्लाय ऑल'ने प्रत्येकाचे 'येतो' सगळ्यांकडे पोचत राहिले. दुसऱ्याचा पत्ता उघड करणे म्हणजे त्याच्या घराचा नंबर न विचारता वाटण्यासारखे आहे.

मुलीचा नवीन ईमेल आम्ही घरी, तिच्याच फोनवर काढला. पासवर्ड लांब, चार वेगळ्या शब्दांचा, बँकेच्या पासवर्डपेक्षा निराळा. रिकव्हरीला तिचा आणि आईचा नंबर. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू. आता सेंटरवर जावेच लागले तर ओटीपी आम्हीच टाकतो, काम झाल्यावर लॉगआऊट डोळ्यांसमोर करून घेतो आणि डेस्कटॉपवरची आपली फाईल पुसायला लावतो. आधारची प्रत चालत असेल तिथे मास्क्ड आधार देतो. ते आधारच्या संकेतस्थळावरून मिळते आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. सेंटरवाल्या पोरांना याचे वाईट वाटत नाही. नीट सांगितले की ते समजून घेतात, त्यांचीही जबाबदारी कमी होते.

आज रात्री जेवणे झाली की घरातल्या प्रत्येकाचा ईमेल उघडा. सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीचा नंबर कोणाचा आहे ते बघा, आणि उपकरणांच्या यादीत अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर त्याला बाहेर काढा. नंबर दुकानाचा निघाला तर उद्यावर ठेवू नका, तिथल्या तिथे बदला.