गोठ्यातलं औषध छोट्या कुत्र्याला नको

मृगाचा पाऊस पडून गेला की ऊब आणि ओल एकत्र येते आणि वस्तीवरच्या कुत्र्यांच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी दिसू लागतात. हल्ली मळ्यावर राखणीच्या गावठी कुत्र्यासोबत घरातल्या मुलांसाठी आणलेलं पॉमेरियन किंवा पगही असतं. तीन-चार किलोचा जीव. त्याच्या अंगावर गोचीड दिसली की पहिला हात जातो तो गोठ्याच्या फळीवरच्या बाटलीकडे. गाईम्हशींवर फवारायचं औषध तिथं असतंच. ते कुत्र्याला का चालणार नाही, असं शेतकऱ्याला वाटणं साहजिक आहे. पण ते चालत नाही.

गाईच्या अंगावर बहुतेक वेळा दिसणारी गोचीड एकाच जनावरावर लहानाची मोठी होते. त्यामुळे फवारणी नीट झाली तर तिच्या सगळ्या अवस्था एकदम सापडतात. कुत्र्याची तपकिरी गोचीड तशी नाही. ती रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीच्या भेगेत कात टाकते आणि पुन्हा कुत्र्यावर चढते. अशी ती आयुष्यात तीनदा रक्त प्यायला चढते. शेवटी टम्म फुगलेली मादी भेगेत जाऊन तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. म्हणजे कुत्र्यावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त गोचिडी भिंतीत, पोत्यांखाली आणि दगडी ओट्याच्या सांध्यात असतात. उपाशी राहूनही त्या महिनोन्‌महिने टिकतात. एका आंघोळीत त्यांचा बंदोबस्त होत नाही तो यामुळे. औषध निदान तीन-चार महिने खंड न पडू देता चालवावं लागतं.

दुसरा प्रश्न मात्रेचा. गोठ्यातल्या आयव्हरमेक्टिनच्या एक टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं. हृदयातल्या जंतापासून, म्हणजे हार्टवर्मपासून, बचावासाठी कुत्र्याला महिन्याला लागतं किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. चार किलोच्या कुत्र्याला २४ मायक्रोग्रॅम. इन्शुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजवरची सर्वांत लहान रेघ भरली, तरी त्यात याच्या दहापट औषध येतं. गाईच्या सिरिंजने ‘थोडंसंच’ दिलेलं किती होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. कोली जातीचं रक्त असलेल्या कुत्र्यांत तर जास्त मात्रेचं आयव्हरमेक्टिन थेट मेंदूत शिरतं. आणि हार्टवर्मपुरत्या त्या छोट्या मात्रेत गोचीड मरत नाही, ते वेगळंच.

गोठ्यात फवारायचं अमित्राझ कुत्र्यांनाही वापरतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नीट पातळ करून. लहान कुत्र्यात ते जास्त झालं की गुंगी येते, नाडी मंदावते, अंग गार पडतं. फळीवर शेजारीच पिकाचं फिप्रोनिल असतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांतही फिप्रोनिलच असतं हे खरं, पण पिकाच्या बाटलीतले बाकीचे घटक आणि तीव्रता कातडीसाठी बनवलेली नसते. नाव सारखं म्हणून औषध सारखं होत नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक कुठल्याही रूपात कुत्र्यालाही लावू नका. कुत्र्याच्या अंगाला चिकटून झोपलेलं मांजर त्याने दगावू शकतं.

मग द्यायचं काय? आधी वजन करा. टोमॅटोचा रिकामा क्रेट इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि कुत्रं क्रेटमध्ये बसवा. अंदाजाने सांगितलेलं वजन छोट्या कुत्र्यात सहज एका किलोने चुकतं आणि चार किलोत एक किलो म्हणजे पाव हिस्सा.

माझी पहिली पसंती चघळायच्या गोळीला आहे. अफोक्सोलानेर आणि सॅरोलानेर महिन्याला एकदा, फ्लुरालानेर साधारण बारा आठवड्यांतून एकदा. गोळी पोटात जाते, त्यामुळे पाऊस, चिखल, आंघोळ यांनी ती उतरत नाही. पावसाळ्यात मळ्यावर हा मोठाच फायदा. फ्लुरालानेर जेवणासोबत द्यावं. कुत्र्याला पूर्वी फिट येऊन गेली असेल तर या गटातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला आहे. आठ आठवड्यांहून लहान किंवा दोन किलोंहून हलक्या पिल्लासाठीही विचारूनच. पैसे वाचवायला मोठ्या कुत्र्याची गोळी चौघांत वाटतात, ते करू नका. प्रत्येक तुकड्यात औषध सारखं येईल याची खात्री नसते.

मानेवरच्या थेंबांना खर्च कमी येतो. केस बाजूला करून थेट कातडीवर टाकायचे आणि आधी-नंतर दोन-दोन दिवस आंघोळ टाळायची. पॉमेरियनच्या दाट केसांत ते वरच्या वरच राहतात, ही नेहमीची चूक. गळ्यातल्या औषधी पट्ट्याचाही उपयोग होतो, पण दोन कुत्री खेळताना एकमेकांचा पट्टा चावत असतील तर नको.

हार्टवर्मची गोष्ट वेगळी. तो डासातून येतो आणि आपल्याकडे त्याची ठाम नोंद मुख्यतः ईशान्य भारतातली आहे. केरळात त्याचाच एक भाऊबंद जास्त सापडतो, जो हृदयात न जाता कातडीखाली राहतो. म्हणून सोलापूर-साताऱ्याच्या शेतकऱ्याने आधी पैसे गोचिडीवर खर्चावेत, असं माझं मत. कोकण-गोव्यात भातखाचरांलगत राहणाऱ्यांनी, किंवा कुत्रं आसामकडून आणलेलं असेल त्यांनी, हार्टवर्मचा विषय डॉक्टरांकडे जरूर काढावा. मादी जंत पाऊण ते एक फूट लांब वाढते. छोट्या हृदयात असे चार-पाचही भारी पडतात. कुत्रं सहा-सात महिन्यांहून मोठं असेल तर आधी रक्त तपासून घ्यायचं, मग महिन्याची मात्रा सुरू करायची. अफोक्सोलानेरसोबत मिल्बेमायसिन असलेल्या गोळीत दोन्ही कामं होतात. नुसत्या फिप्रोनिलने हार्टवर्म थांबत नाही.

औषध चालू असतानाच भिंतींच्या भेगा चुन्या-सिमेंटने बुजवा, कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढा. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लगटून धरा, सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल, विडीचा चटका, नखाने चिरडणं नको. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीकडच्या काजू बागायतदारांनी आणखी जपावं. माकडतापाचे रुग्ण सत्तरीत २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गात २०१६ मध्ये आढळले. तो रानातल्या गोचिडीतून येतो आणि बागेत हिंडून आलेलं कुत्रं ती उंबऱ्यापर्यंत आणू शकतं. डिसेंबर ते मे या काळात कुत्र्याला घरात घेण्याआधी तपासा.

एर्लिकियासारखा रोग गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच कुत्र्यात शिरू शकतो, त्यामुळे औषध चालू असूनही लक्ष हवं. कुत्रं जेवेना, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त तपासा, नाहीतर १९६२ वर फोन करा. गोठ्यातलं औषध आधीच लावून झालं असेल आणि कुत्रं लाळ गाळत थरथरू लागलं, तर साध्या साबणाने अंग धुऊन कोरडं करा, कापडात गुंडाळा, दूध-तूप काही पाजू नका आणि दवाखान्यात निघताना ती बाटली सोबत घ्या.