सामान गावतं का?

आंबा घाट उतरून साखरप्यात शिरताना हेडलाइट आधी पिवळा पडला, मग विझला आणि बाजारपेठेच्या तोंडाशीच गाडी बंद पडली. किक नव्हतीच. दोघा पोरांनी धक्का मारून पाहिला, इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

तिथल्याच गॅरेजच्या मिस्त्रींनी सीट काढून बॅटरीला मीटर लावला, मग आरआर युनिटचा (रेग्युलेटर-रेक्टिफायरचा) कनेक्टर ओढला. तिन्ही पिवळ्या वायरींची टोकं प्लॅस्टिकसकट वितळून एक गोळा झालेली. "युनिट जळलाय," ते म्हणाले, "आणि याचा सामान हितं काय, रत्नागिरीत पण गावायचा नाय." त्यांच्या डोक्यावर स्प्लेंडरच्या क्लच वायरी लग्नातल्या हारांसारख्या लटकत होत्या.

पुण्यात 45 हजारांत घेतलेली ती अडीचशे सीसीची गाडी रुबाबदार होती. एकच सिलिंडर, म्हणजे भानगडी कमी, असं मी धरून चाललो होतो. पण त्या एका सिलिंडरला रेडिएटर, पंखा, चार व्हॉल्व्ह आणि फ्युएल पंप चिकटलेले होते. मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं. म्हणूनच तर ती स्वस्त मिळाली, हे उशिरा कळलं. टेम्पोने कोल्हापूर, तिथे नऊ दिवस पार्टची वाट. गोव्याला जायचा बेत राहिला तो राहिलाच.

आता लांबच्या प्रवासाला कुठली जुनी गाडी घ्यावी असं कोणी विचारलं तर मी आधी गाडी बघत नाही, नकाशा बघतो. तुमच्या वाटेवरचं सगळ्यात आडवळणाचं तालुक्याचं गाव शोधा, तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानाला फोन लावा आणि तीन गोष्टी विचारा: क्लच प्लेट, क्लच वायर, आरआर युनिट. तिन्ही "आहेत" असं उत्तर आलं तरच विकणाऱ्याला फोन करायचा. एकट्याने, थोड्या सामानानिशी जायचं तर 97 सीसीची स्प्लेंडरसुद्धा पुरते. ताशी 50-55 च्या पुढे तिला पिदडू नका, एवढंच. मागे कोणी बसणार असेल तर जुनी कार्ब्युरेटरवाली युनिकॉर्न बघा, तिला किकही असते. लडाखच्या उंचीवर मात्र कार्ब्युरेटर धापा टाकतो, तिथे इंजेक्शनची गाडी बरी.

गाडी बघायला सकाळी, न सांगता जा. आधी इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर मालकाने ती तुमच्यासाठी तापवून ठेवली आहे असं समजा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला, हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकले असतील तर चेनसेटचे पैसे किमतीतून कापून घ्या. टायरवरचे चार आकडे वाचा: 3217 म्हणजे 2017 चा 32 वा आठवडा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका, विकणारा कितीही गोड बोलो.

आणि नवी क्लच वायर जुनीच्या शेजारूनच ओढून बांधून ठेवा. तुटली तर रस्त्याकडेला टोकं बदलायचं काम, दहा मिनिटांचं.

ती अडीचशेची गाडी कोल्हापूरच्याच एका पोराला 28 हजारांत दिली. आरआर युनिटचं सगळं सांगूनच दिली. तो म्हणाला, "मला कुठं लांब जायचंय, रंकाळ्यापर्यंत मिरवायची हाय नुसती."