अग्निबाणाचे हौशी उपासक

अवकाशात अग्निबाण सोडण्याचा उद्योग आज मुख्यतः मोठमोठ्या राष्ट्रांच्या आणि धनाढ्य कंपन्यांच्या तिजोरीवर चालतो. पण अग्निबाण कोणत्या इंधनावर चालवावा, पैसा कोठून आणावा आणि तो कोणत्या अटीवर घ्यावा, या प्रश्नांवरचे आरंभीचे कडाक्याचे वाद हौशी मंडळींनी घातले आहेत. त्या वादांची ही हकीकत आहे.

५ जुलै १९२७ रोजी जर्मनीतील ब्रेस्लाउ नगरात एका उपाहारगृहात काही उत्साही मंडळी जमली. हे नगर आज पोलंडमध्ये असून त्यास व्रोत्सवाफ म्हणतात. तेथे त्यांनी ‘फेराइन फ्यूर राउमशिफार्ट’ ही संस्था स्थापन केली. या नावाचा शब्दशः अर्थ ‘अवकाश-नौकानयन मंडळ’ असा होईल. जर्मन भाषेला या प्रवासासाठी नौका आठवली आणि आपल्या भाषेने युद्धातला बाण उचलला, ही गोष्ट अनुवाद करताना मनात आल्यावाचून राहत नाही. योहानेस विंकलर हे मंडळाचे पहिले अध्यक्ष होते. ‘डी राकेटे’ नावाचे नियतकालिक निघू लागले आणि दोन वर्षांत सभासदांची संख्या आठशेच्या वर गेली.

या मंडळींचा आधारग्रंथ म्हणजे हेर्मान ओबेर्थ यांचे १९२३ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक. त्यातील विचार ओबेर्थ यांनी आधी डॉक्टरेटच्या प्रबंधाच्या रूपाने हायडेलबर्ग विद्यापीठात मांडले होते. विद्यापीठाने तो प्रबंध नाकारला. तेव्हा विद्वत्सभेने नाकारलेला विषय हौशी लोकांनी हाती घेतला, असेच म्हटले पाहिजे.

पहिला वाद इंधनाचा होता. तो समजण्यासाठी थोडे गणित ध्यानात घ्यावे लागेल. अग्निबाणाला मिळणारा वेग दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक, शेपटाकडून बाहेर पडणाऱ्या वायूंचा वेग. आणि दुसरी, इंधनासह असलेले आरंभीचे वजन व इंधन जळून गेल्यावर उरलेले वजन यांचे गुणोत्तर. अग्निबाणाला बाहेर पडणाऱ्या वायूंइतकाच वेग हवा असेल, तर हे गुणोत्तर सुमारे २.७ असावे लागते. दुप्पट वेग हवा असल्यास ते ७.४ होते आणि चौपट हवा असल्यास ५५ च्या घरात जाते. आता पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेग लागतो. दारूच्या अग्निबाणातून वायू सेकंदाला २ किलोमीटर वेगाने बाहेर पडतात असे धरले, तर ५५ टनांच्या अग्निबाणातील ५४ टन दारूच होईल. टाक्या, यंत्रे, माल हे सर्व उरलेल्या एका टनात बसवावे लागेल. वायूंचा वेग ३ किलोमीटर झाला, तर तेच गुणोत्तर १४ वर उतरते. हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षणाचा तोटा येथे हिशेबात घेतलेलाच नाही. म्हणून ओबेर्थ यांचा आग्रह द्रवरूप इंधनाचा होता: पेट्रोल किंवा अल्कोहोल, आणि ते जाळण्यासाठी द्रवरूप ऑक्सिजन.

माक्स वालियर हा मंडळातील दुसरा प्रसिद्ध सभासद. त्याचे म्हणणे असे, की लोकांना काहीतरी धावताना दिसल्याखेरीज कोणी पैसा देणार नाही. प्रथम मोटारीला अग्निबाण जोडावेत, मग विमानाला, आणि अशा पायऱ्यांनी अवकाशयानापर्यंत जावे. त्याच्या खटपटीने मोटारींचे कारखानदार फ्रिट्झ फॉन ओपेल यात पडले. २३ मे १९२८ रोजी बर्लिनमध्ये दारूचे २४ अग्निबाण जोडलेली मोटार फॉन ओपेल यांनी ताशी २३० किलोमीटरहून अधिक वेगाने हाकली. वृत्तपत्रांना पर्वणी लाभली. मंडळातील जाणत्यांना मात्र हा प्रकार रुचला नाही. त्यांचे म्हणणे गणिताला धरून होते: मोटारीच्या वेगात अग्निबाणाची बरीचशी शक्ती वाया जाते आणि दारूच्या मार्गाने अवकाश गाठता येत नाही. तथापि वालियरलाही अगदीच चुकीचा ठरवता येत नाही. त्या गर्जनांमुळेच अनेकांच्या कानी हा विषय गेला. पुढे तो स्वतः द्रवरूप इंधनाकडे वळला आणि १७ मे १९३० रोजी अशाच एका प्रयोगात स्फोट होऊन मरण पावला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रूडोल्फ नेबेल यांनी बर्लिनच्या उत्तर भागातील एक जुनी दारूगोळ्याची जागा नाममात्र भाड्याने मिळवली व तिला ‘अग्निबाण-तळ’ असे भारदस्त नाव दिले. जागतिक मंदीचे दिवस होते. काम करणाऱ्यांपैकी बरेच जण बेकार होते. साहित्य मागून आणावे आणि श्रम फुकट द्यावे, अशी रीत होती. उणे १८३ अंशांवर उकळणारा ऑक्सिजन एका बाजूला आणि धातू वितळवणारी ज्वाला दुसऱ्या बाजूला, यांचा मेळ घालताना स्फोट होत. ज्वालाकक्षाभोवती पाणी खेळवून तो थंड ठेवण्याची युक्ती काढण्यात आली, आणि मे १९३१ मध्ये ‘रिपल्सर’ नावाचा अग्निबाण सुमारे ६० मीटर उंच गेला. एवढ्याशा उंचीचे वाचकांना हसू येईल. पण तो द्रवरूप इंधनावर चालला होता.

यानंतरचा वाद इंधनाचा नव्हता. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याच्या तोफांवर निर्बंध घातले होते. अग्निबाणांचा त्यात उल्लेख नव्हता. १९३२ च्या उन्हाळ्यात सैन्याच्या अधिकाऱ्यांपुढे मंडळाच्या अग्निबाणाची चाचणी झाली. ती फसली, तरी अधिकाऱ्यांनी पैसा देऊ केला. अट एकच: काम सैन्याच्या कुंपणाआड, गुप्तपणे चालावे. वेर्नर फॉन ब्राऊन याने पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार नेबेल यांनी हे नाकारले, कारण अजाण वरिष्ठांच्या हाताखाली त्यांना काम करायचे नव्हते. क्लाउस रीडेल यांचा भरवसा खासगी उद्योगांवर होता. आणि वीस वर्षांच्या फॉन ब्राऊनला वाटले, की एवढा पैसा दुसरीकडे मिळणे नाही. तो गेला. १९३४ मध्ये तळ बंद झाला. रीडेलही पुढे सैन्याच्या कामात आले.

३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्यूंडे येथून सैन्याचा मोठा अग्निबाण यशस्वीपणे उडाला. तोच ‘व्ही-२’ या नावाने सप्टेंबर १९४४ पासून लंडनवर पडू लागला. तो तयार करण्यासाठी मिटेलबाउ-डोरा छावणीत सुमारे ६०,००० बंदी आणले गेले; त्यांपैकी सुमारे २०,००० मरण पावले. अग्निबाणाच्या माऱ्याने मेलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे.

मंडळाच्या आरंभीच्या सभासदांपैकी विली लाय हा लेखक १९३५ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेला गेला व तेथे अवकाशप्रवासावर लिहीत राहिला. २४ जून १९६९ रोजी तो वारला. त्यानंतर सव्वीस दिवसांनी, फॉन ब्राऊनच्या देखरेखीखाली तयार झालेल्या द्रवरूप इंधनाच्या अग्निबाणाने पाठवलेली माणसे चंद्रावर उतरली. नेबेल यांच्या तळाच्या परिसरात पुढे बर्लिनचा टेगेल विमानतळ झाला. २०२० मध्ये तोही बंद करण्यात आला.