सकाळचा आकडा

चि. निखिल,


तू पाठवलेले साखर मोजायच्या यंत्राचे फोटो पाहिले. रात्री झोपताना १०९, सकाळी उठल्यावर १३८. मधे पोटात अन्नाचा कण नाही, मग साखर वाढली कुठून म्हणून तू धसकलास, आणि आता १६ तासांचा उपास २० तासांवर नेणार म्हणतोस. थांब जरा.

ती साखर तुझ्या यकृतातून आली आहे. पहाटे तीन-चारनंतर कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढायला लागतात आणि यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसाचं इन्शुलिन ती तिथेच आवरतं, आपल्यासारख्या मधुमेह्यांचं कमी पडतं. म्हणून उपास लांबवलास की हा आकडा उतरेलच, असं धरून चालू नकोस. पहिल्या वर्षी मीही रोज सकाळी या आकड्यावरून दिवसाची पारख करायचे आणि उगाच खचायचे. खरी चाल कळते ती तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी चाचणीवरून.

माझा जीव अडकलाय तो तुझ्या गोळीत. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही, पण तुला जोडीला ग्लिमेपिराइड आहे. पोटात अन्न असो-नसो, ती इन्शुलिन सोडायला लावतेच. एका एकादशीला मी ती गोळी नेहमीसारखी घेतली आणि दुपारपर्यंत तोंडात काही घातलं नाही. देवापुढे वाती वळत होते. कापूस बोटांत धरता येईना, हात थरथरायला लागले, पाठ घामाने ओली. मोजली तर ५८! शेजारच्या काकूंनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावली. सत्तरच्या खाली गेलास तर तूही हेच कर, आणि तेव्हा उपास मोडला म्हणून हळहळू नकोस. डॉक्टरांना जेवणाच्या नव्या वेळा सांगून गोळीचं ठरवून घेईपर्यंत हा लांबलचक उपास बंद. यात माझं ऐकच.

उपासाला माझा विरोध नाही रे. संध्याकाळी लवकर जेवून सकाळपर्यंत काही न खाणं आपल्या आजीच्या घरात रोजचंच होतं. पण तू उपास सोडतोस कशावर? ताटभर साबुदाण्याच्या खिचडीवर! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याची भराभर साखर होते. त्यापेक्षा आधी काकडी, मग मटकीची उसळ, शेवटी ज्वारीची एखादी भाकरी, असं खाऊन बघ. पदार्थ तेच असले तरी या क्रमाने खाल्ले की साखर कमी चढते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाल. पहिल्या घासापासून दोन तासांनी मोज, आणि बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे कर. फळ चिरलेल्या हाताने मोजलंस तर आकडा खोटाच वाढतो.

तुझ्या आईला अजून काही बोलले नाहीये, ते तूच सांग. रविवारी जेवायला ये, यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही घेऊन ये. मी मटकी भिजत घालते.

तुझी,
मावशी