द्वारकेचा वळसा

अगं, नाशिकरोडला ऑफिसला जाताना हल्ली तू टाकळीवरून वळसा घालतेस, असं आई सांगत होती. द्वारकेच्या गर्दीला सगळेच वैतागतात, पण तुझं कारण गर्दी नाही, हे मला कळतं. पुणे रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो, तिथं उड्डाणपुलाखाली तुझा होणारा नवरा तुझ्यासाठी थांबायचा. साखरपुडा मोडला आणि तुला तो चौकही नकोसा झाला.

रडू येतं ना? येऊ दे. ठरलेला संसार गेला, दुःख होणारच. पण त्या दुःखावर तू रोज जी भर घालतेस, ती मला बघवत नाही. 'त्यानं असं वागायलाच नको होतं.' 'खरं कारण कळल्याशिवाय मी शांत होणार नाही.' 'माझ्यातच काहीतरी कमी असणार.' अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिचा रोख नेमका इथंच आहे. इच्छा जरूर धरावी, पण ती पुरी व्हायलाच हवी असा हट्ट धरू नये. आणि स्वतःला, समोरच्याला, परिस्थितीला विनाअट स्वीकारावं. डॉ. अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस' माझ्याकडे आहे, ने वाचायला.

स्वीकारायचं म्हणजे तो बरोबर होता असं म्हणायचं नाही. त्याला माफही करायला नको. त्यानं नाही म्हटलं, कारण कदाचित कधीच कळणार नाही, एवढं खरं मानायचं.

आता द्वारकेवरूनच जा. छातीत कळ येईल, डोळे भरतील. गाडी बाजूला घे, 'आठवण आली' एवढंच मनात म्हण आणि पुढं निघ. पहिल्याच दिवशी हलकं वाटेल असं मी म्हणत नाही. त्याचं स्टेटस बघणं मात्र आजपासून बंद. आणि काकूंनी एखाद्या लग्नात चारचौघांत विचारलंच, तर सबबी सांगू नकोस. 'मोडलं, मला वाईट वाटतंय,' म्हण आणि जेवायला बस.

इतकं करूनही झोप लागेना, जेवण जाईना, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नाहीतर मला लाव, रात्री दोन वाजले असले तरी.