कड्यावरील सूर : ओर्लांदो दुके यांचे चरित्र

(इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी पूरक पाठ व अध्यापन-सूचना)



साहसी माणसांची चरित्रे विद्यार्थ्यांना सांगावीत, याविषयी आपणांत दुमत नाही. मात्र अशी गोष्ट सांगताना एक दक्षता घ्यावी लागते. ऐकणाऱ्या मुलाच्या मनात पराक्रमाचा क्षण तेवढा ठसतो आणि त्यामागील अनेक वर्षांची तयारी निसटून जाते. धावडा व आसपासच्या गावांत समुद्र नाही, तरण तलावही नाही. पण विहिरी आहेत, शेततळी आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या काठी जमणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी कड्यावरून पाण्यात सूर मारणाऱ्या एका विश्वविजेत्याचे चरित्र येथे मांडले आहे. खरे धैर्य उडीच्या आधीच्या तयारीत असते, ही एकच गोष्ट या पाठातून विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावयाची आहे.

१. चरित्र

दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकाला कोलंबिया हा देश आहे. तेथील काली या शहरात सप्टेंबर १९७४ मध्ये ओर्लांदो दुके यांचा जन्म झाला. काली हे शहर समुद्रकाठी नाही. उसाच्या मळ्यांनी भरलेल्या एका खोऱ्यात ते वसले आहे. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ओर्लांदो तलावातील फळीवरून सूर मारण्यास शिकू लागला. हे शिक्षण पायरीपायरीने चालते. खालच्या फळीवरील उडी निर्दोष होईपर्यंत वरच्या फळीवर जाता येत नाही. हवेत कोलांटी घेणे, अंगाला पीळ देणे, पाण्यात शिरताना शरीर ताठ ठेवणे, ही कौशल्ये सुटी सुटी घोटावी लागतात.

१९९२ साली स्पेनमधील बार्सिलोना येथे ऑलिंपिक सामने भरले. दुके त्या सामन्यांस पात्र ठरले होते. परंतु पाठविण्यास पैसा नसल्यामुळे त्यांना जाता आले नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलास हा आघात लहान नव्हता. तरीही त्यांनी सराव सोडला नाही. पुढे त्यांनी युरोपात ऑस्ट्रिया देशात उंचावरून उड्या मारण्याच्या खेळांत नोकरी केली. रोज प्रेक्षकांसमोर उडी मारावयाची आणि रोज सुखरूप वर यावयाचे, हे त्यांचे उपजीविकेचे साधन झाले. तेथेच मोठ्या उंचीची त्यांना सवय जडली.

कड्यावरून उडी मारण्याची प्रथा फार जुनी आहे. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर अठराव्या शतकात काहेकिली नावाचा राजा होऊन गेला. तो आपल्या योद्ध्यांना उंच कड्यांवरून समुद्रात उडी मारावयास लावी आणि त्यावरून त्यांचे धैर्य पारखी, असे सांगतात. तेथील लानाई बेटावर काउनोलू येथे आजही एक कडा त्याच्या नावाने ओळखला जातो. याच काउनोलू येथे २००० साली जागतिक स्पर्धा झाली. तीत दुके यांनी पाठमोऱ्या दोन कोलांट्या व अंगाचे चार फेरे अशी उडी घेतली. सातही पंचांनी तीस दहापैकी दहा गुण दिले आणि दुके विश्वविजेते झाले. २००९ साली निरनिराळ्या देशांत क्रमाने होणारी कडा-उडीची जागतिक मालिका सुरू झाली. तिचे पहिले विजेतेपदही त्यांनाच मिळाले.

२०१३ साली जागतिक जलक्रीडा अजिंक्यपद स्पर्धेत या खेळाचा प्रथमच समावेश झाला. स्पर्धेचे ठिकाण होते बार्सिलोना, म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी जेथे त्यांना जाता आले नव्हते तेच शहर. बंदरात २७ मीटर उंचीचा मंच उभारलेला होता. इंग्लंडचे गॅरी हंट हे अखेरपर्यंत बरोबरीने झुंजत होते. शेवटी एका गुणाहूनही कमी फरकाने दुके यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी त्यांचे वय ३८ वर्षांचे होते. २०१९ साली त्यांनी स्पर्धेतून निवृत्ती पत्करली.

हा खेळ केवळ पुरुषांचा आहे, असा समज होऊ देऊ नये. स्त्रियांच्या स्पर्धा २० मीटर उंचीवरून होतात. ऑस्ट्रेलियाच्या रायनन इफलंड यांनी २०१७, २०१९, २०२३ व २०२४ साली झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आहे. वर्गातील मुलींना हे नाव आवर्जून सांगावे.

२. उडीचे गणित

२७ मीटर म्हणजे सुमारे ८९ फूट, अर्थात आठ-नऊ मजली इमारतीची उंची. तेथून पाण्यापर्यंत पोहोचण्यास सव्वादोन सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. पुढील आकडे फळ्यावर लिहावेत.

५ मीटर उंची : सुमारे १ सेकंद, पाण्यावर आदळतानाचा वेग ताशी ३६ किलोमीटर.
१० मीटर उंची : सुमारे १.४ सेकंद, वेग ताशी ५० किलोमीटर.
२० मीटर उंची : सुमारे २ सेकंद, वेग ताशी ७१ किलोमीटर.
२७ मीटर उंची : सुमारे २.३ सेकंद, वेग ताशी ८३ किलोमीटर.

या वेगाने पाण्यावर आडवे पडल्यास पाणी मऊ राहत नाही. जमिनीवर आपटल्यासारखी इजा होते. ऑलिंपिकमधील १० मीटरच्या उडीत खेळाडू हात पुढे करून डोक्याच्या बाजूने पाण्यात शिरतो. २७ मीटरवरून तसे केल्यास मान व खांदे तो आघात सोसू शकत नाहीत. म्हणून तेथे खेळाडू पाय खाली ठेवून, शरीर सळईसारखे ताठ करून पाण्यात शिरतो. उडीपूर्वी पाण्याची खोली तपासलेली असते आणि त्याला मदत करण्यासाठी पाणबुडे आधीच पाण्यात थांबलेले असतात. दुके यांच्यासारखा विश्वविजेतादेखील अनोळखी पाण्यात एकट्याने उडी मारीत नाही, हे वाक्य विद्यार्थ्यांकडून दोनदा म्हणवून घ्यावे.

मेक्सिको देशातील आकापुल्को येथील कडाही प्रसिद्ध आहे. तेथे सुमारे ३५ मीटर उंचीवरून एका अरुंद घळीत उडी मारतात. लाट आत आली की घळीतील पाणी वाढते, परतली की कमी होते. म्हणून उडी मारणारा कड्यावर उभा राहून योग्य लाटेची वाट पाहतो. पाणी एकच, जागा एकच. पण क्षण चुकला तर खोली चुकते.

३. आपली विहीर आणि शेततळे

समुद्रात जो फरक लाटेने पडतो, तो आपल्या विहिरीत ऋतूने पडतो. श्रावण-भाद्रपदात पाणी काठाच्या जवळ असते. वैशाखात ते तळाला जाते. पाणी जसजसे खाली जाते, तसतशी उडीची उंची वाढते आणि त्याच वेळी पाण्याची खोली घटते. धोका असा दोन्ही बाजूंनी वाढतो. गेल्या वर्षी याच विहिरीत मुटका मारला होता, म्हणून यंदाही मारता येईल, हा मुलाचा विश्वास येथेच घात करतो. त्यात तळाचा गाळ, पडलेले दगड, मोटारीचा पाइप, दोर, यांतील काहीच वरून दिसत नाही.

शेततळ्याचा धोका निराळा आहे. तेथे उंची नसते, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटते. परंतु उतारावर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्यासही वर चढता येत नाही. तळ्याभोवती कुंपण असावे, आणि काठावरील पक्क्या खुंटीस गाठी मारलेला दोर बांधून तो पाण्यात सोडलेला असावा. पालकसभेत हा विषय शिक्षकांनी अवश्य काढावा. खर्च थोडा आहे; लाभ एका जिवाचा आहे.

केवळ 'विहिरीकडे जाऊ नका' असे बजावून भागत नाही, मुले जातातच. पूर्वी जाणती माणसे कमरेला वाळलेला भोपळा किंवा डबा बांधून, स्वतः पाण्यात उतरून मुलांना पोहावयास शिकवीत. आधी पोहणे, मग पायरीवरून उडी, मग काठावरून, असा त्यांचा क्रम असे. दुके यांच्या शिक्षणाचा क्रमही तोच होता. पोहणे शिकावे ते मोठ्यांच्या देखरेखीखाली, हे पालकांना पटवून द्यावे. शाळेच्या वेळेत मात्र विद्यार्थ्यांना पाण्यावर नेऊ नये.

कोणी बुडताना दिसल्यास मुलांनी पाण्यात उडी घेऊ नये; एकाच्या मागे दुसरा बुडतो. मोठ्याने हाक मारावी. काठावर पालथे पडून दोर, साडी किंवा बांबू पुढे करावा. बाहेर काढलेल्या व्यक्तीस उलटे टांगू नये, पोटही दाबू नये. श्वास थांबला असल्यास जाणकाराने तत्काळ तोंडाने श्वास द्यावा व छातीवर दाब द्यावा, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

४. वर्गातील मांडणी

हा पाठ दोन तासिकांत घ्यावा. पहिल्या तासिकेत नकाशावर कोलंबिया, हवाई बेटे व बार्सिलोना दाखवून चरित्र सांगावे. दुसऱ्या तासिकेत उडीचे गणित व आपल्या गावातील विहिरी यांची चर्चा करावी. हा पाठ मार्चमध्ये, सुट्टी लागण्यापूर्वी घेणे इष्ट होय.

५. प्रश्न व स्वाध्याय

(१) १९९२ साली दुके यांना बार्सिलोनास का जाता आले नाही? त्यानंतर किती वर्षांनी ते तेथे विजयी झाले?

(२) २७ मीटरवरून उडी मारताना खेळाडू पाय खाली का ठेवतात?

(३) एक विहीर १५ मीटर खोल आहे. श्रावणात पाणी काठापासून ४ मीटर खाली, तर वैशाखात १३ मीटर खाली असते. दोन्ही वेळची उडीची उंची व पाण्याची खोली काढा. कोणत्या महिन्यात धोका अधिक? का?

(४) आपल्या शिवारातील विहिरी व शेततळी यांची यादी वडीलधाऱ्यांना विचारून करा. कठडा, कुंपण व दोर कोठे आहे, कोठे नाही, ते लिहा.

चौथ्या स्वाध्यायातील याद्या एकत्र करून मुख्याध्यापकांनी त्या ग्रामपंचायतीस व शाळा व्यवस्थापन समितीस द्याव्यात. विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदविलेली उघडी विहीर गावाच्या लक्षात राहते. एका विहिरीस जरी त्यामुळे कठडा मिळाला, तरी पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.

— शिक्षण विस्तार अधिकारी