कानांची चाळणी

प्रस्तावना

लखनौमध्ये वाढलेली एखादी मुलगी मराठी शिकू लागते. 'वेळ झाली' हे वाक्य ऐकून ती 'वेल झाली' असे लिहिते. वर्गातील मुले हसतात. पण तिचे कान सदोष आहेत काय? परभाषा ऐकताना नेमके काय घडते, ते या पाठात समजून घेऊ.

मूळ पाठ

तान्ह्या बालकाला न ऐकलेल्या भाषांतील अनेक ध्वनिभेदही जाणवतात. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज यांचे याविषयीचे संशोधन १९८४ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी भाषक कुटुंबांतील ६ ते ८ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' यांतील फरक ओळखता आला. १० ते १२ महिन्यांच्या बहुतेक बालकांना तो आला नाही. इंग्रजीत या भेदाने शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून कान त्याकडे दुर्लक्ष करू लागतो.

भाषाशास्त्रज्ञ त्रुबेत्स्कॉय यांनी मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली आहे. परका ध्वनी या चाळणीतून जाताना जवळच्या ओळखीच्या ध्वनीत मिसळून जातो. अनेक जपानी भाषकांना इंग्रजीतील 'र' आणि 'ल' सारखेच वाटतात, ते यामुळेच.

याउलट, आफ्रिकेतील झुलू भाषेत, हळहळताना आपण 'च् च्' करतो त्या जातीचे ध्वनी आहेत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकी प्रौढांना त्यांतील भेद चांगले ओळखता आले. कारण त्यांना सामावून घेणारा जवळचा ध्वनी इंग्रजीत नाही. म्हणजेच, अगदी परक्या ध्वनीपेक्षा ओळखीचा भासणारा ध्वनीच आपल्याला अधिक फसवतो.

आपणही असेच फसतो. 'तमिळ' या नावाचा अंत्य ध्वनी त्या भाषेत आपल्या 'ळ'हून निराळा आहे. 'ळ'साठी तेथे स्वतंत्र अक्षर आहे. मराठी कान मात्र दोन्हींना 'ळ'च समजतो. मग 'वेल' लिहिणाऱ्या मुलीला हसावे कोणी?

ही चाळणी कायमची नसते. १९९१ सालच्या एका अभ्यासात जपानी विद्यार्थ्यांना अनेक व्यक्तींच्या आवाजांतील शब्द ऐकवले आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक, हे लगेच सांगितले. सरावाने त्यांची 'र' व 'ल' यांची ओळख सुधारली. त्या मुलीलाही उपहासाची नव्हे, तर वारंवार ऐकवणाऱ्या सोबत्यांची गरज आहे.

पाठावरील प्रश्न

१. झुलू ध्वनींतील भेद इंग्रजी भाषकांना का ओळखता आले?
२. 'काळ–काल', 'मूळ–मूल' यांसारख्या आणखी तीन जोड्या लिहा व मोठ्याने वाचा.